निरोप आणि निरोप्या

(‘भ्रमणध्वनी, समाज आणि सामूहिक कृती’ या विषयावरील व्याख्यानाचे शब्दांकन)



मी तंत्रज्ञ नाही. मोबाईलच्या आत काय चालते, हे माझ्यापेक्षा येथे बसलेल्या विद्यार्थ्यांना अधिक ठाऊक असेल. मी समाजजीवनात वावरणारा एक सामान्य माणूस आहे. या लहानशा यंत्राने माणसांना एकत्र आणण्याच्या रीतीत जो पालट घडवला, त्याकडे मी त्याच नजरेने पाहतो, आणि आज तेच आपल्यासमोर मांडणार आहे.

प्रारंभ जुन्या काळापासून करू. आपल्या गावात निरोप येत असे तो माणसाबरोबर. दवंडी देणारा हलगी वाजवत चौकात उभा राही. तो कोण, कोणाच्या सांगण्यावरून बोलतो, हे साऱ्या गावाला ठाऊक असे. मयताचा सांगावा घेऊन येणारा माणूस दारात उभा राही, त्याला पाणी दिले जाई आणि मग विचारले जाई, “केव्हा झाले? कोण होते जवळ?” निरोप खोटा निघाला तर निरोप्याला गाठता येत असे. म्हणून निरोप सांगणे हे जबाबदारीचे काम होते.

१८५७ च्या प्रारंभी उत्तर हिंदुस्थानात गावोगावी चपात्या फिरल्या, हे आपण शाळेत शिकलो. एका गावचा चौकीदार दुसऱ्या गावच्या चौकीदाराच्या हाती चपाती देई आणि अशाच आणखी करून पुढच्या गावांना पोचवण्यास सांगे. इंग्रज अधिकारी चक्रावून गेले. त्या चपातीचा नेमका अर्थ काय, यावर इतिहासकारांत आजही मतभेद आहेत. कित्येक ठिकाणी पोचवणाऱ्यालाही तो सांगता येत नव्हता. ‘पुढे पाठवा’ ही वृत्ती मोबाईलने जन्माला घातलेली नाही, ती फार जुनी आहे. परंतु त्या वेळीही चपाती हाती देणारा चौकीदार समोर दिसत होता. आज निरोप येतो, निरोप्या येत नाही. माझ्या आजच्या बोलण्याचे सार या एका वाक्यात आहे.

वडकऱ्याचा किनारा

प्रथम या यंत्राचे ऋण मान्य केले पाहिजे. ३१ जुलै १९९५ रोजी कोलकात्याहून ज्योती बसू यांनी दिल्लीत दूरसंचारमंत्री सुखराम यांच्याशी भ्रमणध्वनीवरून संभाषण केले, तो भारतातील पहिला मोबाईल संवाद. त्या काळी मिनिटाला सोळा रुपयांपर्यंत दर होता आणि आलेल्या फोनचेही पैसे पडत. २००३ पासून येणारे फोन विनामूल्य झाले आणि पाहता पाहता हे उपकरण भाजीवाल्याच्या, रिक्षावाल्याच्या, मोलकरणीच्या हाती आले. आज देशात शंभर कोटींहून अधिक जोडण्या आहेत.

याने सामान्य माणसाचे काय भले झाले? केरळच्या किनाऱ्याचे उदाहरण पाहा. १४ जानेवारी १९९७ च्या सकाळी वडकरा येथे अकरा मच्छीमारांना गिऱ्हाईक मिळाले नाही, म्हणून त्यांनी आपली मासळी टाकून दिली. त्याच वेळी पंधरा किलोमीटरच्या परिसरातील बाजारांतून सत्तावीस खरेदीदार मासळी न मिळाल्यामुळे रिकाम्या हाताने परतण्याच्या बेतात होते. दोन्हीकडे गरज होती, दुवा नव्हता. १९९७ ते २००१ या काळात त्या किनारपट्टीवर टप्प्याटप्प्याने मोबाईल सेवा पोचली आणि मच्छीमार समुद्रातूनच भाव विचारू लागले. रॉबर्ट जेन्सन या अर्थशास्त्रज्ञाने या बदलाचा बारकाईने अभ्यास केला. तो २००७ साली प्रसिद्ध झाला. मासळी वाया जाणे जवळजवळ थांबले, मच्छीमारांचा नफा सुमारे आठ टक्के वाढला आणि ग्राहकाला मासळी सुमारे चार टक्के स्वस्त मिळू लागली.

या यशात एक गोष्ट सहज निसटून जाते. तो मच्छीमार ज्याला फोन करी, तो ओळखीचा व्यापारी असे. खोटा भाव सांगितला तर होडी किनाऱ्याला लागताच खोटेपणा उघडा पडे, आणि उद्या पुन्हा त्याच्याशीच व्यवहार करायचा असे. तेथे निरोपाच्या मागे निरोप्या उभा होता. म्हणून यंत्राने भलेच केले.

मनिलाची चार रात्रींची गर्दी

आता थोडे दूर, फिलिपाइन्स देशात जाऊ. भ्रमणध्वनीच्या बळावर सत्तापालट झाल्याचे उदाहरण म्हणून जगभर ज्याचा दाखला दिला जातो, ते मनिलाचे आंदोलन २००१ सालचे आहे. जोसेफ एस्ट्राडा हे तेथील राष्ट्राध्यक्ष. त्यांच्यावर भ्रष्टाचाराचे आरोप झाले आणि सिनेटपुढे महाभियोगाची सुनावणी सुरू झाली. दूरचित्रवाणीवरून ती घराघरांत पाहिली जात होती. १६ जानेवारी २००१ रोजी एक लखोटा उघडायचा की नाही, या प्रश्नावर मतदान झाले. त्यात बँकेतील खात्यांचा पुरावा असल्याचे सांगितले जात होते. अकरा विरुद्ध दहा मतांनी तो न उघडण्याचे ठरले.

त्याच रात्री मोबाईलवरून लघुसंदेश फिरू लागले. काळे कपडे घालून एड्सावर या, एवढाच त्यांचा आशय. एड्सा हा मनिलाचा हमरस्ता. मध्यरात्रीपूर्वीच तेथे माणसे जमली आणि पुढच्या चार दिवसांत संख्या लाखांवर गेली. १९ जानेवारीस सेनाधिकाऱ्यांनी राष्ट्राध्यक्षांची साथ सोडली, २० जानेवारीस ग्लोरिया अरोयो यांचा शपथविधी झाला. त्या देशात लघुसंदेश अत्यंत स्वस्त होता, बोलण्यापेक्षा लिहून पाठवण्याची सवय जडली होती. जगाने निष्कर्ष काढला की मोबाईलने सरकार उलथवले.

हा निष्कर्ष अर्धाच खरा आहे. याच रस्त्यावर १९८६ साली मार्कोस यांच्या हुकूमशाहीविरुद्ध जनसागर लोटला होता. तेव्हा मोबाईल नव्हता. मनिलाचे कार्डिनल हायमे सिन यांनी रेडिओ व्हेरितासवरून लोकांना आवाहन केले होते. आवाज ओळखीचा होता, बोलणाऱ्याने आपले नाव आणि मान पणाला लावला होता. २००१ सालीही चर्च, विद्यार्थी संघटना, कामगार संघटना, १९८६ चा अनुभव असलेले जुने कार्यकर्ते हे सारे आधीपासून उभे होतेच. संदेशाने माणसे रस्त्यावर आली. परंतु चार रात्री ती शांत राहिली, याचे श्रेय या जुन्या बांधणीला द्यावे लागते.

त्यानंतरचा इतिहास क्वचितच सांगितला जातो. २५ एप्रिल २००१ रोजी एस्ट्राडांना अटक झाली, तेव्हा त्यांना मानणारी गरीब वस्त्यांतील माणसे त्याच एड्सावर जमली. जानेवारीच्या गर्दीत मुख्यतः शहरी मध्यमवर्ग होता. ही गर्दी निराळी होती. १ मे रोजी ती थेट राष्ट्राध्यक्षांच्या प्रासादावर चालून गेली, रक्त सांडले. म्हणजे ज्या क्रांतीला साऱ्या देशाची क्रांती म्हटले गेले, तिच्यात देशाचा एक मोठा भाग नव्हताच. आपल्या हातातील यंत्रावर जे दिसते तोच सारा समाज, हा सुशिक्षितांचा भ्रम असतो, आणि त्याची किंमत मनिलाने साडेतीन महिन्यांत मोजली.

दैवदुर्विलास असा की २००५ साली याच अरोयोबाईंचे निवडणूक अधिकाऱ्याशी झालेले दूरध्वनी संभाषण बाहेर फुटले आणि त्यातील शब्द लोकांनी आपल्या मोबाईलची रिंगटोन म्हणून वाजवले! २००७ साली दोषी ठरलेल्या एस्ट्राडांना त्याच वर्षी अरोयोंनी क्षमा केली. २०१३ साली ते मनिलाचे महापौर झाले. आणि ज्या मार्कोस यांना १९८६ साली जनतेने देशाबाहेर घालवले, त्यांचे चिरंजीव २०२२ साली लोकांच्या मतांनी राष्ट्राध्यक्ष झाले. गर्दी सिंहासन हलवू शकते. सिंहासनावर कोण बसेल, तो कसा वागेल, यावर लक्ष ठेवण्यासाठी गर्दी थांबत नाही. ती घरी जाते. त्या कामाला वर्षानुवर्षे टिकणारी माणसे लागतात.

आपल्या शेजारच्या नेपाळमध्ये सप्टेंबर २०२५ मध्ये जे घडले, त्यातही हेच दिसले. सरकारने समाजमाध्यमांवर बंदी घातली, ८ सप्टेंबरला तरुण रस्त्यावर उतरले, गोळीबार झाला. दुसऱ्या दिवशी पंतप्रधान ओली यांनी राजीनामा दिला आणि त्याच दिवशी संसद, सिंहदरबार, सर्वोच्च न्यायालय आगीच्या भक्ष्यस्थानी पडले. त्या दिवसांत सत्तरहून अधिक जीव गेले. तरुणांचा संताप खोटा नव्हता. परंतु ‘चला’ म्हणणारे असंख्य होते; ‘थांबा, आता परत फिरा’ असे म्हणण्याचा अधिकार असलेला एकही नव्हता. निनावी हाकेने जमलेल्या गर्दीला परत पाठवणारा सापडत नाही, हा तिचा जन्मजात दोष आहे.

भीतीचा निरोप

आता आपल्या घराकडे वळू. जुलै २०१२ मध्ये आसामच्या बोडो भागात हिंसाचार झाला. त्यानंतर ऑगस्टमध्ये पुण्यात ईशान्येकडील काही तरुणांना मारहाण झाली, आणि पाठोपाठ मोबाईलवरून संदेश फिरू लागले की अमुक तारखेनंतर तुमची धडगत नाही. इतर देशांतील आपत्तींची जुनी छायाचित्रे हत्याकांडाची म्हणून पाठवली गेली. १५ ऑगस्टच्या, स्वातंत्र्यदिनाच्या संध्याकाळी बंगळूरच्या रेल्वे स्थानकावर आपल्याच देशाचे हजारो नागरिक गुवाहाटीची गाडी पकडण्यासाठी जमले. पुण्यातूनही अनेक जण निघाले. १७ ऑगस्टला सरकारने एका वेळी पाचांहून अधिक जणांना लघुसंदेश पाठवण्यावर पंधरा दिवसांची बंदी घातली.

बंदीने संदेश थांबले; भीती मात्र माणसांनीच कमी केली. विविध संघटनांचे कार्यकर्ते स्थानकावर उभे राहिले, खाऊ-पाणी दिले, “आम्ही आहोत, जाऊ नका,” असे सांगितले. किती जण ऐकून थांबले, किती जण गेले, याचा हिशेब मी मांडत नाही. निनावी धमकीला उत्तर देण्यासाठी तेथे चेहरा असलेली माणसे उभी राहिली, हे महत्त्वाचे.

आणि आता १ जुलै २०१८. धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील राईनपाडा. रविवार, आठवडी बाजाराचा दिवस. नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या जमातीचे, मंगळवेढा परिसरातून भिक्षुकीसाठी आलेले पाच जण तेथे उतरले. त्या दिवसांत मुले पळवणाऱ्या टोळ्यांचे संदेश मोबाईलवरून सगळीकडे फिरत होते. त्यांपैकी कोणीतरी एका लहान मुलीशी बोलले, एवढे निमित्त झाले. जमावाने त्यांना मारायला सुरुवात केली, ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडले आणि तेथेच ठेचून ठार मारले. पाचही जण गेले.

बंधु-भगिनींनो, हे गोसावी कोण? पिढ्यान्‌पिढ्या आपल्या गावोगावी फिरणारे, ज्यांच्या झोळीत आपली आजी पसाभर दाणे घालून हात जोडत असे, ते हे लोक. गावाला त्यांची ओळख होती. एका निनावी संदेशाने शतकांची ती ओळख पुसून टाकली. मोबाईलने जग जवळ आणले म्हणतात. राईनपाड्यात त्याने दारातल्या माणसाला परका केले.

त्या काळात देशभर फिरलेल्या चित्रफितींपैकी एकीत मोटारसायकलवरून आलेले दोघे रस्त्यात खेळणाऱ्या मुलाला उचलून नेताना दिसत. ती वस्तुतः कराचीमध्ये तयार केलेली, मुलांच्या सुरक्षेविषयी जागृती करणारी फीत होती. मूळ फितीत शेवटी ते मुलाला परत आणून सोडतात आणि मुले पळवणे किती सोपे आहे, हा इशाऱ्याचा फलक दाखवतात. कोणीतरी तो शेवट कापला. मुलांच्या काळजीपोटी केलेल्या फितीचा माणसे मारण्यासाठी उपयोग झाला.

आता त्याच रात्रीची मालेगावची घटना ऐका. मालेगाव तेथून फार दूर नाही. अफवा तीच, संशय तोच. परभणीकडून आलेले, दोन वर्षांचे मूल बरोबर असलेले पाच जणांचे कुटुंब जमावाच्या हाती सापडले. तेथील एका रहिवाशाने त्यांना आपल्या घरात घेतले आणि दार लावले. जमाव त्या घरावर धावून गेला. पोलिसांच्या गाडीवरही हल्ला झाला. तरीही पोलिसांनी त्या कुटुंबाला सुखरूप बाहेर काढले. एकाच दिवशी, एकाच अफवेने, एका ठिकाणी पाच जीव गेले, दुसऱ्या ठिकाणी पाच जीव वाचले. मोबाईल दोन्हीकडे होता, जमाव दोन्हीकडे होता. अंतर पडले ते दारात उभ्या राहिलेल्या एका माणसाचे.

पुढे १६ एप्रिल २०२० रोजी, टाळेबंदीच्या काळात, पालघर जिल्ह्यातील गडचिंचले येथे दोन साधू आणि त्यांचा वाहनचालक जमावाच्या हाती मारले गेले. चोर फिरत असल्याच्या अफवा त्या भागात पसरल्या होत्या. पोलीस समोर असताना हे घडले. त्या रात्री ते दार उघडले नाही. ती खंत आपल्या सर्वांच्या मनात आहे.

यंत्राचा उपाय, माणसाचा उपाय

राईनपाड्यानंतर, जुलै २०१८ मध्येच, व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाच जागीच पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. २०१९ मध्ये ती जगभर लागू झाली. चांगलेच झाले. परंतु हिशेब करून पाहा. तेव्हा एका गटात २५६ माणसे असू शकत. पाच गट म्हणजे बाराशेहून अधिक माणसे, आणि तीही अंगठ्याच्या एका हालचालीने. सरकार इंटरनेट बंद करते, तेव्हा अफवेबरोबर तिचे खंडनही बंद पडते, रुग्णाचा फोनही अडतो. हे उपाय अनावश्यक नाहीत, अपुरे आहेत.

येथे मला एक कबुली दिली पाहिजे. काही वर्षांपूर्वी एका लहान मुलाला तातडीने रक्त हवे असल्याचा संदेश माझ्याकडे आला. खाली दूरध्वनी क्रमांक होता. मी तो कळवळ्याने चार गटांवर पाठवला आणि एक सत्कृत्य घडल्याच्या समाधानात झोपलो. सकाळी आमचा एक तरुण कार्यकर्ता घरी आला. म्हणाला, “काका, मी त्या नंबरवर फोन केला होता. मुलाच्या वडिलांनी उचलला. मुलगा जाऊन दोन वर्षे झाली. म्हणाले, अजून रोज कोणी ना कोणी विचारते, ‘रक्त मिळालं का?’”

मी काही बोलू शकलो नाही. माझा हेतू शुद्ध होता. परंतु त्या पित्याच्या जखमेवरची खपली रोज काढणाऱ्या अनेक हातांत माझाही एक हात होता. त्या मुलाने फोन करण्यासाठी दोन मिनिटे खर्च केली होती, मी पुढे पाठवण्यासाठी दोन सेकंद. जबाबदारी आणि बेजबाबदारपणा यांतील अंतर कधीकधी एवढेच असते.

म्हणून चार गोष्टी सुचवतो. त्यांसाठी कोणतेही नवे यंत्र लागत नाही.

पहिली, निरोप आला की निरोप्या शोधा. हे कोणी पाहिले, कोठे, केव्हा, याचे उत्तर देणारे नाव नसेल तर तो संदेश आपल्यापाशी थांबला पाहिजे. चांगल्या हेतूचा संदेशही याला अपवाद नाही, आणि आपल्या मताला सोयीचा संदेश तर मुळीच नाही. कारण तो तपासण्याचे आपल्याला सुचतच नाही.

दुसरी, चूक झाली तर ती जेथे केली त्याच गटावर, आपल्या नावाने मान्य करा. त्या सकाळी मी चारही गटांवर तसे लिहिले. संकोच वाटला, पण मान गेला नाही.

तिसरी, प्रत्येक वस्तीत, प्रत्येक पाड्यावर दोन-तीन माणसे अशी असावीत की काही विपरीत कानावर आले तर लोकांनी आधी त्यांना फोन करावा. शाळेचे गुरुजी असतील, आशाताई असतील, एखादा तरुण असेल. त्यांच्याकडे पोलीस ठाण्याचा क्रमांक असावा, शेजारच्या गावातील अशाच माणसाचा क्रमांक असावा. जमाव जमला तर ११२ ला फोन करून त्यांनी स्वतः तेथे जाऊन उभे राहावे. ही माणसे आयत्या वेळी तयार होत नाहीत. आजारपणात, लग्नकार्यात, दुष्काळात जे वस्तीच्या उपयोगी पडले आहेत, त्यांचाच शब्द संकटाच्या रात्री ऐकला जातो.

चौथी गोष्ट खास कार्यकर्त्यांसाठी. मोर्चासाठी, सभेसाठी, मदतकार्यासाठी मोबाईलवरून हाक जरूर द्या; परंतु हाक देण्यापूर्वी, जमलेल्या लोकांना घरी परत कोण पाठवणार, हे ठरवा. त्याचे नाव संदेशात लिहा. पूर्वी सभेसाठी घरोघर जावे लागे, महिना लागे. त्या महिन्यात कोण किती पाण्यात आहे, कोणावर विसंबता येते, हे कळत असे. न पटणाऱ्याचे म्हणणेही ऐकावे लागे. ते कष्ट वाया जात नव्हते, त्यातूनच संघटन घडत होते. मोबाईलने ते कष्ट वाचवले आणि त्यातून मिळणारे शिक्षणही वाचवले! म्हणून संदेश पाठवला तरी घरी जाणे सोडू नका.

यंत्र परत जाणार नाही आणि ते जावे असेही माझे म्हणणे नाही. वडकऱ्याच्या मच्छीमाराची मासळी त्याने वाचवली, पुरात अडकलेल्यांचे ठिकाण त्याने कळवले, परदेशातल्या लेकीचा चेहरा त्याने आईला दाखवला. त्याच्याकडे एकच गोष्ट नाही. ते कोणाच्या दारात उभे राहू शकत नाही. राईनपाड्यात त्या खोलीच्या दारात, ‘आधी मला सांगा, काय झाले?’ असे विचारणारा आणि ऐकला जाणारा एक माणूस हवा होता.

आज येथून घरी जाताना वाटेत आपल्या खिशातला मोबाईल वाजेल. कोणाचा तरी निरोप आलेला असेल. तो पुढे पाठवण्यापूर्वी स्वतःला एकदा विचारा : याचा निरोप्या व्हायला, माझ्या नावासह, मी तयार आहे का?